टाचण्या तोंडात धरून

ओंदीनाचा आवाज तळघरातल्या दारूसारखा,
जुना, गडद, जरा आंबलेला.
पत्ता उलटण्याआधी ती थांबायची
आणि तेवढ्यात समोरचा माणूस अर्धा ढासळलेला असायचा.
तीन हिवाळे मी तिच्याकडे शिकले,
त्रिएस्तेत, मासळीबाजारामागच्या गल्लीत.
बोरा वारा सुटला की तिथं
कुठल्याही टोपीला मालक उरत नाही.

ती गेली, आणि टेबल माझ्याकडे आलं.
निळी मखमल, मेणाचे डाग,
आणि तिचा आवाज.
मला तो दोन मापं मोठा व्हायचा,
बाह्या बोटांच्या खाली लोंबायच्या.
"काळोखातून कुणीतरी येतंय," मी म्हणायचे,
आणि यायचा
खालच्या भट्टीतल्या पावाचा वास.

दिवसा मी कपडे दुरुस्त करायचे.
बोटीवरच्या वेटरांच्या पँटी,
बाप्तिस्म्याचे झगे,
गेलेल्या नवऱ्यांचे कोट, मुलांना बसतील असे करून.
एकच खोली, मध्ये पडदा.
अलीकडे माझ्या तोंडात टाचण्या,
पलीकडे नियती.

नोव्हेंबरात स्रेच्को आला, बंदरावर क्रेन चालवणारा.
टोपी काढली नाही, बसला नाही,
म्हणाला, लवकर सांग, पाळी आहे.
मी घाईत पडदा ओलांडला,
तीन पत्ते मांडले,
आणि तोंड उघडताना कळलं
की टाचण्या ओठांतच राहिल्यात.

ओठांत टाचण्या असताना
नियती हा शब्द बोलताच येत नाही.
बोलून पाहा.
बारीक शब्द तेवढे फटीतून निसटतात.

तलवारींच्या नव्वीवर बोट ठेवून मी म्हटलं,
"इथं उसवलंय."
तो काहीच बोलला नाही.
"कधीपासून?"
"मार्च."
मनोऱ्यावर बोट: "हे काखेत काचतंय."
आता तो बसला.
पेल्यांची राणी त्याच्याकडे पाहत नव्हती,
कडेला, पत्त्याबाहेर कुठेतरी पाहत होती.
मी सवयीनं पत्ता उलटून पाठ बघितली,
शिवण बघतात तशी.
"हिच्यात माया ठेवलेली आहे," मी म्हटलं,
"आत, दोन बोटं.
सोडता येईल.
पण सोडलेला पट्टा गडद दिसेल,
त्याला ऊन लागलेलं नाही,
आणि जुन्या टिपेची भोकं राहतील.
ती इस्त्रीनं जात नाहीत."

क्रेनवाले वर एकटे असतात,
रडायला त्यांना सराव असावा.
पैसे ठेवून तो गेला.
टाचण्या काढल्या तर ओठावर
रक्ताचा एक ठिपका होता, मोहरीएवढा.

पाटी रंगवणाऱ्या फुल्वियोनं विचारलं,
नावाखाली काय लिहू?
अंतर्ज्ञानी?
नको. मला आतून काही दिसत नाही,
मी कापड उलटं करून बघते.
मृदू?
तेही नको. मी लोकांना सांगते,
यात तुम्ही मावणार नाही, श्वास रोखू नका.
मग?
मग तो ब्रश धरून उभा, रंग ठिबकतोय,
आणि मी त्याच्या खांद्याचं माप घेतेय डोळ्यांनी,
डावा जरा उतरता.
"'माप घेऊन' एवढंच लिही."
हसला. लिहिलं. वेलांटी वाकडी आली.

चंद्राचा पत्ता आला की मात्र
अजून ओंदीनाच बोलते माझ्या घशातून.
मी अडवत नाही.
तेवढं तिचं अस्तर राहू दे.

फेब्रुवारीत स्रेच्को पुन्हा आला,
पडद्याच्या अलीकडे.
हातात बायकी कोट, मोरपंखी, तरुण मापाचा.
बाह्या वाढवायच्या होत्या.
"कुणाचा?" मी विचारलं नाही.
कडा उलटून पाहिली.
आत भरपूर होतं.